घोड्यांच्या पायांची खाज आणि माइट्स : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, इंदूर

थंडी पडली की आमच्या तबेल्यात रात्रभर टापांचा आवाज. घोडा मागचा पाय उचलतो, आपटतो, पुन्हा उचलतो. साईस (घोड्यांची निगा राखणारा) म्हणतो डास आहेत. पौषाच्या थंडीत कसले डास? बघायला येणारे म्हणतात, खोड आहे, दोन दिवस कामाला जुंपा, जाईल.

राऊच्या बाजूला आमचा मुलांना घोडेस्वारी शिकवण्याचा छोटा तबेला आहे. बाकीचे मारवाडी आणि काठियावाडी, एकाच घोड्यात फ्रिजियन रक्त आहे. त्याच्या पायांना खालपर्यंत केसांची दाट झालर, खूर दिसत नाही इतकी. पालक फोटो काढतात ते त्याच्याबरोबरच, आणि सगळ्यात जास्त पाय आपटतो तोही हाच. डॉक्टरांनी झालर बाजूला करून कातडी खरवडली, ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर कोरिऑप्टिस जातीचे माइट्स, म्हणजे कातडीवर राहणारे सूक्ष्म किडे, निघाले. औषध सुरू झालंय.

मला हवेत ते प्रत्यक्ष अनुभव. काय लावलं, कोणाच्या सांगण्यावरून लावलं, किती फरक पडला, परत उलटलं का. गाई-म्हशी पाळणाऱ्यांनीही लिहा. हेच माइट्स गाईंना पायांवर आणि शेपटीच्या मुळाशी होतात.

लष्करकर, ग्वाल्हेर

आमचा वरातीच्या घोड्यांचा धंदा. पणजोबा पागेत मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) होते, नंतर घरात टांगे आले आणि आता लग्नाच्या घोड्या. तुमच्यासारख्या झालरवाल्या आमच्याकडे नाहीत, पण पाय खाजणं आम्हाला नवं नाही. देवउठनी एकादशीला लग्नं सुरू होतात. तेव्हाच ग्वाल्हेरची थंडी, तेव्हाच घोड्यांच्या अंगावर दाट केस, आणि तेव्हाच पायात घुंगरांचे पट्टे. पट्ट्याखाली घाम मुरतो, वर मेंदी. बँड जोरात वाजायला लागला की घोडी पाय आपटते. लोक म्हणतात वा, काय नाचते! नोटा ओवाळतात. आम्हाला माहीत असतं ती का नाचते आहे.

आमचा नियम असा की प्रत्येक घोडीचे पट्टे वेगळे, खराऱ्याचा ब्रशही वेगळा. पट्टा चामड्याचा असेल तर पुसून कडक उन्हात, कापडी असेल तर उकळत्या पाण्यात. दुसरं म्हणजे ग्वाल्हेरच्या मेळ्यातून आणलेलं जनावर. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी हा मेळा सुरू केला तो जनावरांच्या बाजारासाठी, आणि माझ्या वडिलांच्या वेळेपर्यंत आमच्या घोड्या तिथूनच यायच्या. नवी घोडी कितीही निरोगी दिसो, वडील तिला आधी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बांधत. तिचं ठाण वेगळं, तोबराही वेगळा. घरातले हसायचे, सूनबाईला वेगळी चूल दिली म्हणून. आता कळतं की एखादं जनावर स्वतः न खाजवता माइट्स बाळगून असतं आणि शेजारच्याला देतं.

विश्वामित्रीकाठची, सध्या यॉर्कशायर

मूळची बडोद्याची. इथे ज्या तबेल्यात काम करते तिथे शायर आणि कॉब जातीचे घोडे आहेत, म्हणजे झालरवाल्यांचंच राज्य. त्यामुळे थोडं लांब लिहिते.

आधी ओळखायचं कसं. पाय आपटणं, एका पायाने दुसरा घासणं, दातांनी घोट्याजवळ चावणं. माझी स्वतःची खूण वेगळी आहे. झालरीत हात घालून खुराच्या वर मागच्या खोबणीत बोटांनी हळूच खाजवायचं. माइट्स असतील तर घोडा मान लांब करतो, वरचा ओठ पुढे काढून थरथरवतो आणि पाय तुमच्या हातावर रेलतो. (म्हणून बाजूला उभं राहा. शायर एक टनाच्या आसपास भरतो.) बोटांना पिवळसर खपल्या आणि चिकट कोंडा लागतो. वरून कंगवा केलेली पांढरीशुभ्र झालर पाहून हे कळणारच नाही.

आता औषध. हे माइट्स कातडीत बीळ करत नाहीत, रक्तही पीत नाहीत. वर बसून कोंडा खातात. त्यामुळे तोंडावाटे दिलेली जंताची पेस्ट, आयव्हरमेक्टिन वगैरे, यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. संख्या कमी होते, मालक खूश होतो आणि महिन्याभरात टापा पुन्हा सुरू. आमच्याकडे डॉक्टर दोनच गोष्टींवर येतात : फिप्रोनिलचा ०.२५ टक्क्यांचा स्प्रे नाहीतर डोरामेक्टिनचं इंजेक्शन, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. दोन्ही औषधं मुळात दुसऱ्या जनावरांसाठी बनलेली आहेत, तेव्हा डॉक्टरांच्या हातूनच. एवढं करूनही प्रत्येक घोडा पूर्ण मोकळा होतो असं नाही.

कोंड्याच्या शाम्पूत असतं ते सेलेनियम सल्फाइडही वापरतात. लावून लगेच धुवायचं नाही, काही मिनिटं मुरू द्यायचं, आणि नंतर झालर मुळापर्यंत वाळवायची. धुण्यापेक्षा वाळवायलाच जास्त वेळ जातो. ओलसर राहिली तर जंतूंचा वेगळा संसर्ग होतो.

सगळ्यात मोठं भांडण केस कापण्यावरून. स्प्रे झालरीवर मारला तर तो केसांनाच लागतो, कातडी कोरडी. डॉक्टर म्हणतात कापा. मालक म्हणतात, उन्हाळ्यात प्रदर्शन आहे, झालरीशिवाय शायर रिंगणात नेऊ कसा? माझं मत विचाराल तर कापा. केस परत येतात. वर्षानुवर्षं खाजवून कातडीच्या वळ्या पडल्या तर त्या जात नाहीत. शायर, क्लाइड्सडेल आणि बेल्जियन घोड्यांत पायांत लसिका (कातडीखालचा पाण्यासारखा द्रव) साचून ते कायमचे जाड होण्याचा आजार आहे, बरा न होणारा. माइट्स असले की तो आणखी चिघळतो.

अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला या किड्याला जवळपास तीन आठवडे लागतात, आणि घोड्याच्या अंगाबाहेर तो दहा आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो. म्हणून एकदा औषध मारून उपयोग नाही, आणि एकाच घोड्याला मारूनही नाही. तबेल्यातले सगळे घोडे एकाच वेळी. अंथरलेला पेंढा पूर्ण काढायचा, फरशी आणि लाकडी कठडे घासायचे, तिथेही माइट्सचं औषध मारायचं.

दांडिया बाजार, बडोदा

आम्ही करंजाचं तेल आणि गंधक लावतो. आजीच्या वेळेपासून. खाज उतरते हे नक्की.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मात्र हा उपाय फसला. नातेवाइकांची घोडी चिखलपाण्यात उभी राहिली होती, पायांवर खपल्या आल्या. तेल चोळायला गेलं की लाथ. डॉक्टरांनी एक खपली उचलून दाखवली, तिच्या खाली केसांचा झुबका ब्रशसारखा उभा. म्हणाले हे माइट्स नाहीत, ओलाव्यातले जीवाणू आहेत. यात खाज कमी, दुखणं जास्त. तेलाने कातडी झाकून ओलावा आत कोंडू नका. पाय कोरडे ठेवले, खपल्या मऊ करून काढल्या, औषध दिलं आणि जखमा भरल्या.

निवृत्त पशुवैद्य, महू

यॉर्कशायरच्या ताईंनी लिहिलेलं शास्त्राला धरून आहे. आपल्या भागापुरती भर घालतो.

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं : अमित्राझ घोड्याला लावू नका. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी आणि कुत्र्यांच्या खरजेसाठी ते गावोगाव मिळतं, त्यामुळे पाण्यात कालवून घोड्यालाही पुसतात. घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडकते, पोटशूळ होतो. खाजेचा घोडा पोटाने गेलेला मी पाहिला आहे.

दुसरं, गाडीचं जळालेलं ऑइल. ते अजूनही फासतात. कातडी भाजते आणि घोडा तेच चाटतो.

तिसरं, गाईंसाठीचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने टोचू नका. टोचल्या जागी सूज आणि गळू झालेले घोडे आमच्याकडे यायचे.

आणि एक वेगळी शंका मनात ठेवा. मागच्या पायावर आतल्या बाजूने गाठींची ओळ उठली, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव आला, सोबत ताप किंवा नाकातून शेंबूड असेल, तर तो ग्लँडर्स असू शकतो. माणसालाही होतो. हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. हा आजार कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो.

करंज-गंधकाबद्दल : गंधक माइट्सवर चालतं, आमच्या काळात चुना-गंधकाचं पाणी वापरतच होतो. पिवळे डाग पडतात आणि सडक्या अंड्यांचा वास येतो, एवढाच त्रास.

धागाकर्ती, इंदूर

सर, अमित्राझचं वाचून लगेच साईसाला फोन केला. गोठ्यातली बाटली तबेल्याच्या फडताळातून बाहेर गेली.

झालर काल उतरवली. मुलं रुसली आहेत, एकीने तर विचारलं की घोड्याला टक्कल का केलं. खाली कातडी लाल, गामचीच्या (खुराच्या वरच्या भागाच्या) मागच्या घडीत खपल्यांचा थर. दोन्ही मागचे पाय जास्त खराब. आता फिप्रोनिल कातडीला लागतंय हे डोळ्यांना दिसतं. बाकीच्या घोड्यांनाही आजच मारलं, खाज नसलेल्यांनासुद्धा.

एक विचारायचं राहिलं. अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या आमच्याकडे जाड सुती आहेत आणि पिछाडी, म्हणजे मागच्या पायांची दोरी, नेमकी गामचीलाच बांधली जाते. त्यांचं काय करावं?

लष्करकर, ग्वाल्हेर

जुन्या असतील तर जाळून टाका, दोरीला पैसे किती लागतात. नव्या असतील तर उकळा आणि निदान तीन महिने वेगळ्या खोलीत टांगून ठेवा. तोवर नायलॉनचा पट्टा वापरा, पण आतून फेल्ट नको. फेल्टमध्ये कोंडा अडकतो.