पुढचं-मागचं वाक्य कुठं गेलं?

उंबरठा:
परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एक मथळा पाठवला. देशाच्या संपत्तीवर पहिला हक्क मुसलमानांचा, असं मनमोहन सिंग म्हणाले होते, एवढाच. खाली अर्धा तास भांडण. मूळ भाषण कुणीच उघडलं नव्हतं, म्हणून मी उघडलं.

९ डिसेंबर २००६, दिल्ली, राष्ट्रीय विकास परिषदेची बैठक. मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडून दहा दिवसही झाले नव्हते. भाषण इंग्रजीत. त्या परिच्छेदात आधी अग्रक्रम येतात: शेती, सिंचन, आरोग्य, शिक्षण, ग्रामीण भागातली गुंतवणूक, आणि सोबत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला आणि मुलं यांच्यासाठीचे कार्यक्रम. मग जाती-जमातींच्या घटक योजनांना (म्हणजे त्यांच्यासाठी वेगळ्या राखलेल्या निधीच्या योजनांना) पुन्हा बळ द्यायला हवं, हे वाक्य. मग अल्पसंख्याकांना, विशेषतः मुस्लिमांना, विकासात न्याय्य वाटा मिळावा म्हणून नव्या योजना आखाव्या लागतील, हे. आणि त्यानंतर: साधनसंपत्तीवर पहिला हक्क त्यांचा असला पाहिजे.

'त्यांचा' म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या अग्रक्रमांचा, असा खुलासा पंतप्रधान कार्यालयाने दुसऱ्याच दिवशी केला. तरी २१ एप्रिल २०२४ ला राजस्थानातल्या बांसवाड्याच्या सभेत मोदींनी तेच एक वाक्य 'मुसलमानांचा' असं करून सांगितलं आणि तेच मथळ्यांत आलं. पूर्वी 'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर खोडावं लागायचं. आता शेजारची वाक्यं काढली की भागतं. मला हे सरळ खोटं वाटतं, बाकीचे शब्द खरे असले तरी.

घाटमाथा:
असहमत. तुमचाच परिच्छेद परत वाचा. 'त्यांचा'च्या लगेच आधी कोण आहे? अल्पसंख्याक, विशेषतः मुस्लिम. 'रामूला बोलवा, त्याला चहा द्या' म्हटलं तर चहा रामूलाच मिळतो. हे काही घाईत तोंडून निसटलेलं नव्हतं, पंतप्रधानांचं लिहून आणलेलं भाषण होतं. दुसऱ्या दिवशी खुलासा करावा लागला यातच सगळं आलं. 'माझ्या विधानाचा विपर्यास केला' हे वाक्य ऐकून कान किटलेत. बोलताना नेत्याला कळत नाही का, की लोक वाक्य लक्षात ठेवतात, परिच्छेद नाही?

उंबरठा:
'आत्या आली, शेजारचे आले, रामू आला, त्यांना चहा द्या' म्हटलं तर? 'त्यांचा' इथे दोन्हीकडे लागू शकतं, हे मला मान्य आहे. वाक्यरचना ढिली होती, हेही मान्य. पण मग तो निर्णय वाचकाला करू द्या ना! मथळ्याने 'त्यांचा' काढून तिथे स्वतःचा शब्द बसवला आणि आधीची यादी गायब केली. तुम्ही आत्ता जो युक्तिवाद केलात, तोसुद्धा परिच्छेद समोर होता म्हणूनच करता आला.

उजनीकाठ:
मी सोलापूरचा. संदर्भ दिला की नेता सुटतो, असं धरून चालू नका. एप्रिल २०१३, इंदापूरची सभा, अजित पवारांचं ते वाक्य, धरणात पाणीच नाही तर लघवी करायची का, अशा अर्थाचं. ज्यांनी नुसतं वाक्य वाचलं त्यांना ती गावरान कोटी वाटली असेल. संदर्भ काय होता? राज्यात भीषण दुष्काळ आणि उजनी धरणाच्या पाण्यासाठी आमच्याकडचा एक शेतकरी आझाद मैदानावर पन्नासहून जास्त दिवस उपोषणाला बसलेला. त्याला उद्देशून होतं ते. संदर्भ कळल्यावर राग वाढला, कमी झाला नाही. पुढे त्यांनी माफी मागितली, कराडला प्रीतिसंगमावर दिवसभर आत्मक्लेश केला. आमच्या घरी तेव्हा टँकरची वाट बघत हंडे रांगेत होते. पूर्ण संदर्भ आम्हालाच हवा असतो, लक्षात ठेवा.

डेस्कवरचा:
एका जिल्हा दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होतो. रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं, दोन कॉलमी बातमी, मथळ्याला चार-पाच शब्द. वार्ताहराच्या कॉपीत तिसऱ्या परिच्छेदात सगळा संदर्भ असतो. मथळा देणाऱ्याने भाषण ऐकलेलं नसतं. एकेरी अवतरणचिन्हं टाकली की आपण सुटलो, असं वाटतं. मी असे मथळे दिले आहेत आणि आजही ते आठवले की वाईट वाटतं. पण छापील पानावर निदान खाली बातमी असायची. मोबाइलवर मथळाच पुढे जातो, बातमी मागे राहते. आणि जुनं विधान असेल तर तारीख हवीच. २००६ चं वाक्य २०२४ मध्ये तारखेशिवाय आलं की ते कालचं वाटतं.

घाटमाथा:
तारखेचं पटलं. पण उंबरठा, हाच न्याय पंधरा लाखांना लावणार का? की तिथे चालतं?

उंबरठा:
लावणार. ७ नोव्हेंबर २०१३, छत्तीसगडमधलं कांकेर. परदेशात इतका काळा पैसा आहे की तो आणला तर एकेका गरिबाला पंधरा-वीस लाख असेच मिळतील, असं मोदी म्हणाले. किती पैसा आहे हे सांगायला दिलेला हिशेब होता तो. 'खात्यात टाकतो' असं त्या वाक्यात नाही. ज्यांनी तसा मथळा केला त्यांनी चूकच केली. मात्र मते मागायच्या सभेत असा आकडा फेकला की लोक आशा धरणारच, आणि २०१५ मध्ये अमित शहांनीच त्याला जुमला म्हटलं. हेही बातमीत यायला हवं. राहुल गांधींची क्लिप घ्या, यंत्रात एकीकडून बटाटा घातला की दुसरीकडून सोनं निघेल, ही. नोव्हेंबर २०१७, गुजरातमधलं पाटण. हे मोदींचे शब्द आहेत, असं ते पुढच्याच श्वासात म्हणतात. क्लिप त्याच्या आधी तोडलेली. अजून फिरते.

घाटमाथा:
कांकेरचं मान्य. पाटणचं मान्य. मनमोहन सिंगांचं अजूनही नाही, माझ्या लेखी चहा रामूलाच. पण तो परिच्छेद आमच्या ग्रुपवर टाकतोय, तारखेसकट, अख्खा.