लाल डाग वेगळा, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेगळ्या

डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलं म्हणजे बीपी वाढलंच, असं बरेच जण समजतात. दरवेळी तसं नसतं. जोराची शिंक, खोकला, डोळा चोळणं एवढंही पुरतं. डाग दिसतो भयंकर, पण बहुधा दोनेक आठवड्यांत आपोआप जातो. (तरी बीपी एकदा मोजून घ्याच.)

बीपीचा खरा परिणाम डोळ्याच्या आत मागे, पडद्यावर (रेटिनावर) होतो आणि तो आरशात दिसत नाही. थेंब घालून बाहुली मोठी केली की डॉक्टरांना तिथल्या रक्तवाहिन्या कापाकापी न करता थेट दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये त्यासाठीचं उपकरण जगापुढे आणलं. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की धमन्या जाड आणि अरुंद होतात. धमनी जिथे शिरेला ओलांडते तिथे दोघींचं बाहेरचं आवरण एकच असतं, त्यामुळे कडक झालेली धमनी शिरेला दाबते. शीर तिथे चिमटल्यासारखी दिसते. पुढे कधी ती तिथेच तुंबली, तर एका डोळ्याची नजर अचानक अंधुक होते, आणि दुखत काहीच नाही! म्हणून लोक चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणत दिवस घालवतात.

आणि हो, काचबिंदूसाठी मोजतात ते डोळ्यातलं प्रेशर, बीपी नव्हे. ते नॉर्मल आलं म्हणून बीपीची गोळी बंद करू नका.