समुद्रात चाललेली पाच हजार वर्षांची घरं: भिंत बांधावी की खणून काढावीत?

पेठकर:
स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर स्कारा ब्रे ही दगडी वस्ती आहे. 1850 च्या वादळात टेकाडावरचं गवत उडालं आणि घरं उघडी पडली. लोक राहत होते तेव्हा समुद्र लांब होता, आता लाटा उंबऱ्याशी आल्यात. 1920 च्या दशकात एका घराचा भाग वाहून गेल्यावर भिंत बांधली. माझ्या मते भिंतींवर पैसा घालूच नये. समोरची लाट अडते, पण भिंतीच्या टोकांपाशी किनारा जास्तच खचतो. आधी खणा, मोजमापं घ्या, वस्तू हलवा.

रंकाळा_वेस:
अजिबात पटलं नाही. खणलेला थर परत लावता येत नाही. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञानं 1928 ते 30 मध्ये तिथं उत्खनन केलं, तेव्हा कार्बन कालमापन (हाडं, कोळसा यांतल्या कार्बनवरून वय काढणं) नव्हतं आणि त्याला वस्ती फारच अलीकडची वाटली. खरा काळ कळला तो 1970 च्या दशकात पुन्हा खणल्यावर. चाइल्डनंच सगळं उकरलं असतं तर नमुने कुठनं आणले असते? शिवाय ती घरं जागेवर बघायचीच आहेत भावा. मधोमध चूल, दोन्ही अंगांना उभ्या फरशांचे पलंग, दारासमोर दगडी मांडणी. आपल्या आज्जीच्या स्वयंपाकघरात भांडी लावायची तशीच. भिंतींना बाहेरून उकिरड्याचा जाड थर, वारं आत येऊ नये म्हणून. हे म्युझियमच्या कपाटात कसं मावणार?

ब्रह्मपुरी_घाट:
ऑर्कनी राहू दे, आपल्या कोल्हापुरातल्या, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीचं बघा. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं सातवाहनकाळातली विटांची घरं खणून काढली. आज टेकडीवर पाहुण्याला काय दाखवायचं? कॉलेजच्या पोरांना तिथं काय होतं हेच माहीत नाही. मला याचा फार त्रास होतो.

पेठकर:
पण तिथलीच पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. रोमन जगातली वस्तू कोल्हापुरात आली होती हे कळलं ते ती मातीतनं बाहेर आली म्हणून. आणि ब्रह्मपुरी लाटांच्या तोंडी नाही. ऑर्कनीतच वेस्ट्रे बेटावर लिंक्स ऑफ नोल्टलंड आहे, तिथं वाऱ्यानं वाळू उडून घरं उघडी पडतायत. तिथं कसली भिंत बांधणार? पुढच्या पिढीसाठी राखायचं तर आतल्या बाजूचं राखा. कडेचं घर थांबत नाही.

रंकाळा_वेस:
कडेचं घर खणा, त्याला माझी ना नाही. पण स्कारा ब्रेची भिंत दरवर्षी तपासून दुरुस्त करायलाच हवी. किनाऱ्यावरच्या ठिकाणांची यादी करून सगळ्यात आधी जाणारं आधी खणावं. तुम्ही एकच नियम सगळ्यांना लावताय, भांडण त्याच्याशी आहे.

ब्रह्मपुरी_घाट:
आणि खणून झालं की त्याच जागी नकाशा लावा, कुठं भिंत होती, कुठं चूल. ब्रह्मपुरीवर हे आजही करता येईल. कुणी सोबत येणार असेल तर निवेदन मी लिहितो.