गॉर्डनला खुनी करून काय मिळवलं?

निशाचर:
काल एकाने लिहिलं की ‘बॅटमॅन: गॉथम बाय गॅसलाइट’ हा २०१८ चा ॲनिमेशनपट मूळ कॉमिकपेक्षा सरस आहे, कारण शेवटचा धक्का कॉमिकमध्ये नाहीच. वाचल्यापासून डोकं फिरलंय. (शेवट फोडतोय. पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

१९८९ च्या कॉमिकमध्ये ब्रूसला, म्हणजे बॅटमॅनला, बायकांच्या खुनांसाठी फाशी सुनावली जाते, सगळं गॉथम त्याच्या विरोधात जातं. अशा वेळी कोठडीत त्याला खुनांची कागदपत्रं कोण आणून देतं? पोलिसांतला गॉर्डन. त्या कागदांवरून ब्रूस गजाआड बसून खुनी हुडकतो. आणि चित्रपटात नेमका तोच गॉर्डन जॅक द रिपर, म्हणजे बायकांचा खुनी! प्रेक्षक दचकावा एवढ्यासाठी सगळ्यात विश्वासाच्या माणसाचा बळी दिला. शिवाय कॉमिकच्या चित्रकाराच्या, माइक मिन्योलाच्या, त्या काळ्याकुट्ट सावल्या कुठे गेल्या? इथे सगळं धुतल्यासारखं लख्ख. गॅसच्या दिव्यांचं शहर वाटतच नाही.

अमोल_सातारकर:
चित्रांचं पटलं. रहस्याचं अजिबात नाही. कॉमिकमध्ये खुनी निघतो तो पॅकर सोडून संशय घ्यावा असं आहे कोण? वेन घराण्याच्या घरोब्यातला वकील पानावर आला की शेंबडं पोरही ओळखेल. चित्रपटात निदान डोकं चालवावं लागतं, संशय घ्यायला हार्वी डेंट आहे, ह्यूगो स्ट्रेंज आहे. आणि गॉर्डन आकाशातून पडलेला नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातून आलेला शिपाई, शहरातली ‘घाण’ साफ करायला निघालेला, घरात भाजलेल्या चेहऱ्याची बायको त्याच्या मुठीत. असा माणूस मला तरी खरा वाटला.

हवालदाराची_लेक:
तुम्हाला खरा वाटणारच. वर्दीतला माणूस वाईट दाखवला की सगळ्यांना खरंच वाटतं. माझे वडील आयुष्यभर हवालदार होते. गणपतीचे दहा दिवस ते घरात दिसले नाहीत, आमची आरती कायम आजोबांनी केली. लहानपणी बॅटमॅन बघायचे तो गॉर्डनसाठी. मुखवटा नाही, पैसा नाही, तरी रोज कामावर जाणारा एकच माणूस होता त्यात. तोही काढून घेतलात.

मंजिरी_क:
गॉर्डनचं सुतक संपलं असेल तर मेलेल्या बायकांबद्दल बोलूया का? चित्रपटात सुरुवातीलाच आयव्हीला मारतात, मग सिस्टर लेस्ली. इथे कुणी एका ओळीने तरी त्यांची आठवण काढली?

लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये १८८८ च्या ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर ज्या पाच जणी रिपरच्या नावावर धरतात, त्या खऱ्या होत्या. मेरी ॲन निकोल्सकडे बिछान्याचे चार पेनी नव्हते, म्हणून तिला निवाऱ्यातून बाहेर काढलं. कॅथरीन एडोजला बिशपगेट पोलीस ठाण्यातून रात्री एकच्या सुमाराला सोडलं आणि पाऊण तासात मायटर स्क्वेअरमध्ये तिचं प्रेत सापडलं. खुनी अजून ठाऊक नाही, तरी कॉमिकं निघतात, चित्रपट निघतात, लंडनमध्ये त्याच्या नावाने पर्यटकांना गल्ल्या दाखवतात.

अमोल_सातारकर:
विषय बॅटमॅनचा आहे. प्रत्येक धाग्यावर हेच आणायचं असेल तर वेगळा काढा ना.

मंजिरी_क:
विषय जॅक द रिपरचा आहे, नीट वाचा. बॅटमॅन नुसता शेपटाला बांधलाय.

पेठेतला:
मंजिरीताईंशी माझं एरवी पटत नाही, पण १९७६ च्या अखेरीचं पुणं मी पाहिलंय. संध्याकाळी दिवे लागले की पेठा चिडीचूप. दाराची कडी वाजली तर आई आधी खिडकीतून बघायची, ओळखीचा आवाज आल्याशिवाय दार नाही. पुणेकर त्या खूनसत्राला आजही जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणतात. जे गेले त्यांची नावं लावली आपण. लंडनने मारणाऱ्याचं लावलं. त्या हिवाळ्यावर कुणी सुपरहिरोचं कार्टून काढलं तर मला ते पाहवणार नाही.

निशाचर:
काका, त्यातल्या खुनी जक्कलचं नावही कुणी विसरलेलं नाही. आणि त्या खटल्यावर सिनेमेही आलेत.

पेठेतला:
आलेत. मी पाहिले नाहीत. ज्यांनी ती कडी ऐकली त्यांना विचारा कसं वाटतं.

हवालदाराची_लेक:
काका, त्या चौघांना पकडलं ते पोलिसांनीच. हेही लिहा की.

पेठेतला:
पोलिसांनीच. नाकारलं कुणी? पुणं शांत झोपलं ते त्यानंतरच.

अमोल_सातारकर:
बरं, पाच जणींबद्दलचं मला माहीत नव्हतं, ते लिहिलंत ते चांगलं केलंत. पण मग चित्रपटातल्या सेलिनाबद्दलही लिहा. रिपरला गळाला लावायला ती स्वतः रस्त्यावर उतरते आणि त्याच्याशी दोन हात करते. कॉमिकमध्ये अशी एक तरी बाई आहे का? निशाचर, आहे का?

निशाचर:
नाही. पॅकर कच्चा आहे हेही कबूल. पण सेलिनाला उभं करायला गॉर्डनला मारायची काय गरज होती? खुनी ह्यूगो स्ट्रेंजला करायचं होतं. वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर, हाताशी सुरी, सगळं जुळत होतं.

अमोल_सातारकर:
आणि मग तुम्हीच लिहिलं असतं, पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं म्हणून.

मंजिरी_क:
आयव्ही कशी वाटली ते अजूनही कुणी लिहिलेलं नाही.