नदीची तब्येत किड्यांना विचारायची की बाटलीतल्या पाण्याला?

मुठाकाठ:
रविवारी टेमघर धरणाच्या वर एका ओढ्यात उतरलो. खळाळातला दगड उलटा केला तर खाली स्वच्छ, खेळत्या पाण्यात राहणाऱ्या मेफ्लाय किड्याच्या चपट्या अळ्या, तीन शेपट्यांच्या, पोटाच्या कडेचे कल्ले सारखे हलवणाऱ्या. बाजूला वाळूचे कण चिकटवून बांधलेलं कॅडिसफ्लाय या किड्याच्या अळीचं घर. हाच उद्योग खाली पुण्यात विठ्ठलवाडीला केला तेव्हा गाळात निघाल्या लालभडक अळ्या, मत्स्यालयवाले ब्लडवर्म म्हणून विकतात त्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे प्राणवायू जवळजवळ नाही तिथेही त्या तगतात. एवढं उघड दिसत असताना नदीची पाहणी नुसत्या बाटल्या भरून का करतात? दरवर्षी किड्यांची मोजणी झालीच पाहिजे.

सांगवीकर:
मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि मला हे पटत नाही. अंघोळीच्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू वापरतात तो प्राणवायू) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा, हा आकडा नोटिशीत लिहिता येतो. अळी लिहिता येत नाही. शिवाय किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण देणारी बीएमडब्ल्यूपी पद्धत ब्रिटनच्या नद्यांसाठी बनली. तिथे स्टोनफ्लाय या निर्मळ पाण्यातल्या किड्याच्या बहुतेक कुळांना पूर्ण १० गुण. आपल्या कोमट पाण्यात स्टोनफ्लाय मुळातच कमी. म्हणजे सह्याद्रीतला निर्मळ ओढाही नापास! आणि जुलैच्या लोंढ्यात अर्धे किडे वाहून जातात, ते वेगळंच.

मुठाकाठ:
गुणांचं म्हणणं मान्य. आपली गुणांची तालिका आपणच करायला हवी, नेपाळने केलीच ना. मोजणी डिसेंबर-जानेवारीत ठेवावी, म्हणजे लोंढ्याचाही प्रश्न मिटतो. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांतही किड्यांवरून काढायचे सॅप्रोबिक गुण आहेत, त्यामुळे कागदावर येत नाही हे काही खरं नाही. तुमची बाटली सकाळी ११ वाजता भरते. रात्री २ वाजता कुणी टँकर रिकामा केला तर सकाळपर्यंत ते पाणी पुढे गेलेलं असतं. अळी मात्र आठवडेच्या आठवडे तिथेच असते.

मुळशीकर:
दादा, आमच्याकडचे बरेच ओढे मार्चपर्यंत आटतात. तेव्हा किडे नसणारच. मग ओढा आजारी म्हणायचा का? सरसकट मोजाल तर आटणारा ओढा आणि घाण झालेला ओढा एकाच रांगेत बसवाल. आधी बारमाही कुठले ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

सांगवीकर:
मुळशीकरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. टँकरचंही मी नाकारत नाही, रात्रीचं पाणी आमच्या हाती लागत नाही हे खरं. पण तालिका करायला तुलनेसाठी एक निर्मळ बारमाही ओढा लागेल, आणि वरच्या डोंगरात आता बंगल्यांचे प्लॉट पडताहेत. तो ओढा आधी ठरवा, यंदाच्या डिसेंबरातच. तिथल्या पाण्याचा बीओडी मी करून देईन.