सोळा कॅमेऱ्यांसाठी संगणक घेताना आधी काय मोजायचं?

बिटमोज्या

बऱ्याच कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "प्रोसेसर कुठला घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी बिटरेट (कॅमेरा सेकंदाला किती डेटा पाठवतो), मग डिस्क, मग स्विच (कॅमेऱ्यांच्या नेटवर्क केबली एकत्र जोडणारी पेटी), आणि राहिलेल्या पैशांत प्रोसेसर.

४ मेगापिक्सेलचे १६ कॅमेरे घ्या. सेकंदाला १५ फ्रेम, एच.२६५ (व्हिडिओ आवळायची पद्धत), कॅमेऱ्यामागे ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट). १ एमबीपीएसचा प्रवाह चोवीस तास साठवला की १०.८ जीबी होतात, हा आकडा पाठच करून ठेवावा. म्हणजे एकूण ६४ एमबीपीएस, दिवसाला ६९१ जीबी, आणि ३० दिवस ठेवायचं तर जवळजवळ २१ टीबी.

गिगाबिट पोर्टला ६४ एमबीपीएस किरकोळ. डिस्कला सेकंदाला ८ एमबी लिहिणं किरकोळ. व्हिडिओ आवळायचं काम कॅमेरा स्वतःच करून पाठवतो, त्यामुळे आलेला प्रवाह जसाच्या तसा फाइलीत टाकायला ऑफिसातून काढलेला जुना संगणकही पुरतो. लोक मात्र गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड घालतात आणि डिस्क एकच, ४ टीबीची. सहा दिवस पुरे व्हायच्या आत जुनं रेकॉर्डिंग पुसलं जायला लागतं.

रात्रपाळी

असहमत. "जसाच्या तसा फाइलीत" या तीन शब्दांत सगळी मेख आहे. १६ कॅमेऱ्यांचं महिनाभराचं रेकॉर्डिंग बसून बघणार कोण? माणूस कधी आला, गाडी कधी आली, तेवढंच शोधून हवं असतं. त्यासाठी प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते. २५६० × १४४० × १५ × १६ करा: सेकंदाला ८८ कोटी पिक्सेल. ६० फ्रेमचे दोन ४के व्हिडिओ एकदम चालवण्याच्या जवळपास, आणि तेही अखंड, वर्षभर. तुमच्या जुन्या संगणकाने हे नुसत्या प्रोसेसरवर करून दाखवावं.

बिटमोज्या

मुख्य प्रवाह उलगडायला सांगितलंय कुणी? जवळजवळ प्रत्येक आयपी कॅमेरा सोबत एक लहान सबस्ट्रीम (त्याच चित्राचा कमी पिक्सेलांचा दुसरा प्रवाह) देतो. ६४० × ३६०, सेकंदाला ५ फ्रेम ठेवा. सगळे १६ मिळून १.८४ कोटी पिक्सेल, म्हणजे ४८ पट कमी. शोध सबस्ट्रीमवर, साठवण मुख्य प्रवाहाची. फ्रिगेटसारखं कॅमेरा रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर याच पद्धतीने वापरतात.

रात्रपाळी

दारावरच्या कॅमेऱ्याला ठीक. पण मोठ्या मोकळ्या जागेत लांबचा माणूस चित्राच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढा दिसतो. ३६० ओळींत तो १८ पिक्सेल! त्या १८ पिक्सेलांत माणूस आहे की खांब, हे शोध घेणाऱ्या एआय मॉडेलने कसं ठरवायचं? गाडीची नंबरप्लेट तर विसराच. अशा तीन-चार कॅमेऱ्यांना मोठाच प्रवाह लागतो. मग इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडायचा खास भाग) असलेला प्रोसेसर हवा, किंवा शोधाचं मॉडेल चालवायला छोटं एआय अॅक्सिलरेटर. ग्राफिक्स कार्ड नको हे मान्य. पण म्हणून प्रोसेसरचा विचार शेवटी? नाही पटत.

डबाप्रेमी

एवढा खटाटोप कशाला? तयार एनव्हीआर घ्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा. वीज कमी खातो, पीओई पोर्ट (नेटवर्क केबलीतूनच कॅमेऱ्याला वीज देणारे) त्यातच असतात, आणि विंडोज अपडेट होऊन मध्यरात्री आपोआप रिस्टार्ट होत नाही. ज्याला संगणकाची हौस नाही त्याला प्रोसेसरचे धडे देणं हा छळ आहे.

बिटमोज्या

डब्याला विरोध नाही, पण त्याचंही माहितीपत्रक वाचा. "१६ चॅनेल" मोठ्या अक्षरांत असतं आणि इनकमिंग बँडविड्थ (सगळ्या कॅमेऱ्यांचा मिळून किती प्रवाह घेतो) खाली बारीक अक्षरांत. तिथे ८० एमबीपीएस लिहिलं असेल तर कॅमेऱ्यामागे ५ आले. उद्या ८ एमबीपीएसचे ४के कॅमेरे लावलेत तर दहाव्यालाच डबा भरला. एकाच वेळी किती चॅनेल उलगडून पडद्यावर दाखवता येतात, ही मर्यादा आणखी वेगळी. शिवाय डबा जळला तर आतली डिस्क दुसऱ्या संगणकावर वाचता येईलच असं नाही.

केबलओढ्या

वर सगळे ६४ एमबीपीएस धरून खूश आहेत. तो आकडा दिवसा उजेडातला. व्हेरिएबल (चित्राप्रमाणे बदलणारा) बिटरेट ठेवला असेल तर अंधारात सेन्सरचा दाणेदारपणा वाढतो, एन्कोडरला (व्हिडिओ आवळणाऱ्या भागाला) तीही हालचालच वाटते, आणि बिटरेट चढतो. पाऊस, हलणारी झाडं, इन्फ्रारेड दिव्यासमोर जाळं विणणारा कोळी (हा प्राणी माझा वैयक्तिक शत्रू आहे), सगळ्यांचा परिणाम तोच. कॅमेऱ्यात कमाल बिटरेट बांधून द्या आणि हिशोब त्या कमालीवर करा.

दुसरं म्हणजे वीज. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देऊ शकतो, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ ची हमी. आठ पोर्टांचे १२३ वॅट झाले, आणि स्वस्त स्विचवर एकूण क्षमता लिहिलेली असते ६० वॅट. दिवसा सगळं छान चालतं. संध्याकाळी आठही कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की एखाद-दुसरा कॅमेरा बंद पडतो, आणि मालक प्रोसेसरला शिव्या घालतो.

आणि घराबाहेरून फोनवर बघणार असाल तर डाउनलोडचा वेग विसरा, कामाला येतो अपलोड. १० एमबीपीएस अपलोडवर ४ चे दोन प्रवाह, संपलं. बाहेरून सबस्ट्रीमच बघा, आणि तोही व्हीपीएनमधून (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी). राउटरवर पोर्ट उघडून कॅमेरे थेट इंटरनेटवर टांगू नका. २०१६ साली मिराई या मालवेअरने असे कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) मूळ पासवर्ड वापरूनच काबीज केले होते.

चकतीवाला

डिस्कला किरकोळ म्हणणाऱ्यांसाठी. वेग किरकोळ आहे, झीज नाही. रोज ६९१ जीबी म्हणजे वर्षाला २५२ टीबी. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या कॅमेरा रेकॉर्डिंगसाठीच्या डिस्कांच्या साध्या मालिकेतली डिस्क वर्षाला १८० टीबी कामासाठी बनवलेली असते. ८ टीबीच्या तीन डिस्कांत वाटलं तर प्रत्येकीला ८४ टीबी, निवांत. ६०० टीबी लेखनाची हमी असलेल्या एसएसडीवर हा सगळा मारा केलात तर अडीच वर्षंही होणार नाहीत. एसएसडी ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसला ठेवा.

रात्रपाळी

हालचाल झाली तरच रेकॉर्ड करा ना. २१ टीबीची गरजच राहणार नाही.

चकतीवाला

आणि हालचाल ओळखायला चुकली ती नेमकी हवी असलेली रात्र असेल तर? सबस्ट्रीम अखंड साठवा, मुख्य प्रवाह हालचालीपुरता. जागा वाचते आणि काहीतरी पुरावा उरतो.

रात्रपाळी

३६० ओळींचा पुरावा! चोर आला होता एवढं कळेल, कोण ते नाही.

केबलओढ्या

आधी एक कॅमेरा घ्या, सगळ्यात गजबजलेल्या जागी लावा, रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी फाइलींचा आकार बघा. त्याला १६ ने गुणा. इथल्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा, माझ्यासकट, ते बरं.

बिटमोज्या

गजबजलेल्या जागेचा आकडा १६ ने गुणलात तर डिस्क दुप्पट घ्याल. बाकीचे दहा रिकाम्या भिंतीच बघत असतात.

केबलओढ्या

घेऊ द्या दुप्पट. ३० दिवसांचे ६० झाले म्हणून तक्रार करणारा मला अजून भेटायचाय.