खेळाडूंच्या चमूत कायरोप्रॅक्टर हवाच कशाला?

घाटवाट
आमच्या धावणाऱ्यांच्या गटात यावरून सध्या जोरात जुंपलीय. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या आधी एक 'कायरो कॅम्प' (कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने झटका देऊन मणके-सांधे 'बसवणारा') ठेवायचा आणि सगळ्यांच्या पाठी-माना सवलतीत 'मोकळ्या' करून घ्यायच्या, असा प्रस्ताव आलाय. मी विरोध केला तर "ऑलिंपिकवाले करून घेतात, तू कोण टिकोजीराव?" असं ऐकावं लागलं. म्हणून हा धागा. खेळाडूच्या चमूत डॉक्टर हवा, फिजिओ हवा, मालीशवालाही हवा. कायरोप्रॅक्टर नको, असं माझं मत आहे. फाडा.

या विद्येचा उगमच बघा. १८९५ साली अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करायचा. त्याने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबला आणि म्हणे त्याला ऐकू यायला लागलं. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांच्या वाटेला ती जातच नाही. तरी त्यावर अख्खी इमारत उभी राहिली: मणके जागचे किंचित हलतात (याला ते 'सबलक्सेशन' म्हणतात), नसा अडतात आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये सांगून टाकलं, की ही कल्पना फक्त इतिहासातली आहे, आजाराशी तिचा संबंध दाखवणारा पुरावा नाही. आपल्याकडच्या रील्समध्ये मात्र "मणका सरकलाय, बसवून देतो" जोरात चालू.

आणि तो कडाड आवाज! सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा आवाज तो. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण करून हे दाखवलं. हाड कुठून निघत नाही की कुठे बसत नाही.

डेट्रॉईटकर
साफ असहमत. ज्या एमआरआय प्रयोगाचा दाखला देताय, त्याचे प्रमुख ग्रेग कॉचक स्वतः कायरोप्रॅक्टरचं शिक्षण घेतलेले आहेत. ज्याची बोटं मशीनमध्ये घातली तोही कायरोप्रॅक्टरच! आपल्याच धंद्यातल्या समजुती तपासायला हीच माणसं पुढे आली, हे सोयीस्कर विसरलात. आणि उगमावरूनच मोडीत काढायचं तर शस्त्रक्रियाही एकेकाळी युरोपात न्हावीच करत होते.

इथे अमेरिकेत हे रीतसर शिक्षण आणि राज्याचा परवाना असलेले लोक आहेत. एनएफएलच्या (इथली अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग) संघांकडे ते असतात. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकला अमेरिकेच्या वैद्यकीय पथकात जॉर्ज गुडहार्ट हे कायरोप्रॅक्टर अधिकृतपणे होते. डॉक्टरांच्या संघटनेने या लोकांवर टाकलेल्या बहिष्काराविरुद्ध १९७६ मध्ये खटला झाला, आणि १९८७ मध्ये कोर्टाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या कॉलेजने (ही डॉक्टरांचीच दुसरी संघटना) २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात गोळ्यांच्या आधी शेक, मालीश आणि मणक्यांचं मॅनिप्युलेशन (हाताने दाब-झटका देऊन सांधा हलवणं) सुचवलंय. हा विदा तुम्हाला चालत नसेल तर कोणता चालतो ते सांगा.

मी शनिवार-रविवार बॅडमिंटन खेळतो. कंबर धरली की जातो, उठतो तेव्हा वाकता येतं. माझ्यापुरता प्रश्न मिटला.

घाटवाट
१. गुडहार्ट म्हणजे तेच ना, ज्यांनी 'अप्लाइड किनेसिऑलॉजी' काढली? हात पुढे धरायला लावायचा, वरून दाबायचा आणि हात किती जोर देतो त्यावरून शरीरात काय बिघडलंय ते ओळखायचं! ऑलिंपिक पथकात असल्याने ते खरं होत नाही.
२. कोर्टाने व्यापारातल्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली निकाल दिला. उपचार लागू पडतो का, हा मुद्दा त्याच्यासमोर नव्हताच.
३. त्या सूचना सामान्य माणसाच्या कंबरदुखीसाठी आहेत. त्यात कोणाचा वेग वाढत नाही की हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) वाचत नाही.

मोठे खेळाडू करतात हा पुरावा असेल तर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू फेल्प्सच्या खांद्यावर कपिंगचे (त्वचेवर पेले चिकटवून ती आत ओढायचा उपचार) लालभडक गोल होते. लावा मग सगळे पेले.

आखाडा
तुम्ही शहरी मंडळी फार पुराव्याच्या मागे लागता बुवा. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, त्याने पाठीवर पाय लावला की पोरगं उठून जोर मारायला लागतं. तालमीत वस्ताद मान धरून असा काही झटका देतात की बघणाऱ्याला घाम फुटतो. त्याला शास्त्र म्हणा, नका म्हणू.

खरं सांगू का? कुस्ती तासाभरावर आलीय, मान एका बाजूला वळत नाही. तिथे बारा आठवड्यांचा व्यायाम लिहून देणारा माझ्या काय उपयोगाचा? मला आत्ता, या घटकेला मोकळं करणारा हात पाहिजे. उद्याचं उद्या.

डेट्रॉईटकर
आखाडा, +१. याला म्हणतात मुद्दा.

सांधेवाली
फिजिओ आहे, नाशिकला. हितसंबंध आधीच सांगून ठेवते, नाहीतर कोणीतरी काढेलच.

आखाडादादांचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि घाटवाट यांनी त्याला उत्तर दिलेलं नाही. अडकलेला सांधा हलवला की थोडा वेळ दुखणं कमी होतं, हालचाल वाढते. हे खरं आहे, अभ्यासांत दिसतं. फक्त त्यासाठी पामरचं तत्त्वज्ञान लागत नाही. झटक्याचं मॅनिप्युलेशन फिजिओही शिकतात आणि करतात. नंतर पोटऱ्या, मांड्या, नितंब यांची ताकद वाढवावी लागते, ते कॅम्पमध्ये होत नाही.

खेळाडूंवरचा एक चांगला प्रयोग आहे, तो दोन्ही बाजूंनी वाचा. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या ५९ खेळाडूंवर झाला. ज्यांना नेहमीच्या वैद्यकीय देखभालीबरोबर कायरोप्रॅक्टिकही मिळालं, त्यांच्यात पायाचे स्नायू ताणले जाण्याचं प्रमाण कमी निघालं. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींबद्दल मात्र ठाम काही सांगता आलं नाही. ५९ खेळाडू म्हणजे चिमूटभर. त्यावर ना जाहिरात करावी, ना थट्टा.

मला खरा राग येतो तो निदानाचा. धावणारी मुलगी येते, "ताई, माझा एक पाय आखूड झालाय, कुणीतरी दाखवलं." दाखवतात कसं? टेबलावर पालथं झोपवायचं, बुटांच्या टाचा जुळवून बघायच्या. कंबर जराशी तिरकी पडली, घोट्याला हाताचा दाब किंचित कमी-जास्त झाला, की बोटभर फरक दिसतो. मग झटका, मग पुन्हा टाचा, आणि आता पाय सारखे! ती बिचारी महिनाभर त्या 'आखूड' पायावर जोर द्यायला घाबरत होती. पायात काहीही नव्हतं.

लेगकटर
धागा वाचून घाबरत विचारतोय. मुलगा १५ वर्षांचा, वेगवान गोलंदाज. कंबरेत एकाच बाजूला दुखतं, मागे वाकलं की जास्त. झोपून राहिला की बरं वाटतं. कोच म्हणाले, कायरोकडे ने, दोन बैठकांत खेळायला लागेल. नेऊ का?

सांधेवाली
नको! आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर गोलंदाजी पूर्ण बंद. या वयातला वेगवान गोलंदाज, एका बाजूचं दुखणं, मागे वाकल्यावर वाढणारं: मणक्याच्या मागच्या पातळ हाडाला ताणाची चीर पडली असेल अशी शंका आधी घ्यायची. बरेचदा ती साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. असल्या हाडावर झटका देणं म्हणजे तडा गेलेल्या कपाचा कान ओढण्यासारखं. बुमराहचं आठवा. पाठीच्या दुखण्यापायी २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक गेला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली, परतला तो थेट ऑगस्टमध्ये. तुमच्या मुलाला कदाचित काही नसेलही, पण ते डॉक्टर ठरवतील. कोच नाही.

डेट्रॉईटकर
इथला कोणताही शहाणा कायरोप्रॅक्टर त्या मुलाला हात न लावता आधी डॉक्टरकडेच पाठवेल. शिकवतातच तसं.

घाटवाट
इथला म्हणजे तुमच्याकडचा. आमच्याकडे काय? ताई, तुमच्याकडून चूक झाली तर तक्रार कुठे करायची?

सांधेवाली
महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे, २००२ चा कायदा आहे. नोंदणी क्रमांक मागा, न देणाऱ्याकडे जाऊच नका. कायरोप्रॅक्टरसाठी अशी स्वतंत्र परिषद आपल्याकडे नाही. परदेशात नीट शिकून आलेला माणूस आणि आठवड्याचा वर्ग करून बोर्ड लावणारा, दोघांचं बोर्ड सारखंच दिसतं. डेट्रॉईटकर, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. तो त्या परवान्यासकट आहे एवढंच.

आणि मानेबद्दल. मानेला झटका दिल्यानंतर, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. २००८ मध्ये ऑन्टारिओतल्या एका मोठ्या अभ्यासात तरुण रुग्णांत उपचाराला जाणं आणि असा पक्षाघात यांचं नातं कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांत दिसलं तसं साध्या डॉक्टरकडे गेलेल्यांतही दिसलं. म्हणजे काहींची वाहिनी आधीच फाटत असते, मान दुखते म्हणूनच ते उपचाराला जातात. धोका दुर्मीळ आहे, झटक्यानेच होतो असं सिद्ध नाही. पण मॅरेथॉनसाठी मानेला झटका घेऊन मिळवायचंय काय?

आखाडा
आमच्या वस्तादांना हे सांगायची माझी छाती नाही.

डेट्रॉईटकर
मानेचं मान्य. परवान्याचंही. पण घाटवाट यांचं "चमूत नकोच" हे अजून अमान्य. परवाना नाही तर परवाना मागा, माणूस कशाला हाकलता? कंबर धरलेल्याला शर्यतीच्या आदल्या दिवशी अर्धा तास जरी बरं वाटलं तरी ते कमी नाही.

घाटवाट
बरं वाटण्याला माझा विरोध नाही, त्यासाठी मालीशवाला आहे आणि तो कोणाचा पाय आखूड करत नाही.

काल गटात मतदान झालं, मी हरलो. कॅम्प होणार. तीन अटी मात्र घालून घेतल्या: मानेला हात नाही, अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही, आणि येणाऱ्याने आपली पदवी नि ती कुठली ते आधी लेखी कळवायचं. पहिल्या दोन आयोजकांनी लगेच मान्य केल्या. तिसरीवर "विचारून सांगतो" म्हणालेत.